न्यायला कुणी आलं नाही

मस्कतहून आलेल्या कल्याणला जालन्यात उतरवलं तेव्हा ऊन असं पेटलेलं होतं की बसच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती. मुंबईच्या विमानतळावरून निघालेली ती बस एकेका जिल्ह्याची माणसं वाटेत सोडत आली होती, आणि जालन्याचा म्हणून उतरणारा हा एकटाच. पाठीवर बॅग, हातात खजुराची पिशवी, तोंडाला मास्क. खाली पाय टेकतो न टेकतो तोच पांढरा झगा घातलेल्या एका माणसानं लांबूनच त्याच्यावर फवारा मारला. कपाशीवर मारतात तसा, खालून वर, वरून खाली. कल्याणला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. आपल्याच जिल्ह्यात आपण कीड झालो, असं त्याला वाटलं.

ते दिवस तुम्ही काही विसरला नसाल. रस्ते ओस, दुकानं बंद, ओळखीचा माणूस समोरून आला तरी लोक रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. परदेशातून, परराज्यातून येणाऱ्यानं थेट घरी जायचं नाही, नेमून दिलेल्या हॉटेलात ठरलेले दिवस कोंडून घ्यायचं आणि मगच आपल्या माणसांत जायचं, असा नियम होता. आता नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण कल्याणच्या घरी त्याची आई खाटेवर पडलेली होती.

झुंबरबाई तिचं नाव. मंठ्याच्या पुढं आडबाजूला त्यांचं गाव. उन्हाळा लागता लागता तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. बोलणं जवळपास संपलेलंच होतं. कधीतरी एवढंच तोंडातून यायचं, "कल्या आला का?" कल्या मस्कतला एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवायच्या कामावर होता. तिथलं काम बंद पडलं, माणसं कॅम्पात अडकली, आणि हा रोज साहेबाच्या दारात जाऊन बसायचा, तेव्हा कुठं विमानात जागा मिळाली. त्याला आता एकच गोष्ट पाहिजे होती. आई जिवंत असताना तिच्यासमोर उभं राहायचं. त्यापुढं काय होईल ते होईल.

"साहेब, अंगणातच बसतो, पण घरी जाऊ द्या," तो तिथल्या अधिकाऱ्याला म्हणाला. "आईचं काही खरं न्हाई."

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली. "सगळेच असं म्हणून राह्यलेत हो," तो म्हणाला. "मी कोणाकोणाला सोडू?"

लॉज मंठा रोडवर होतं. खाली लग्नाचं कार्यालय, वर खोल्या. कार्यालयाचं शटर ओढलेलं, आत रचून ठेवलेल्या लाल खुर्च्यांवर धूळ. नोकर सगळे गावाकडं पळालेले, उरलेला एकटा मॅनेजर, अबुबकरभाई. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि दोन मास्क एकावर एक. त्यानं जिन्याच्या तळाशी उभं राहून वर बोट दाखवलं.

"शेवटून दुसरी खोली. जेवण दारापाशी स्टुलावर ठेवत जाईन. मी गेलो की मंगच उघडायचं. बराबर?"

"बराबर."

खोलीत एक पलंग, एक पंखा आणि भिंतीत बसवलेला आरसा. आरशावर कुण्या नवरीची टिकली चिकटून राहिलेली. सगळ्या खोलीला फिनेलचा वास, आणि तो वास गादीतून, उशीतून, पिण्याच्या पाण्यातूनही यायचा. मागं लांबट गॅलरी होती. प्रत्येक खोलीची गॅलरी वेगळी, मधे छातीएवढी भिंत. तिथून दिसायचा तो रिकामा मंठा रोड आणि मागच्या आवारात पडलेले मोडके कूलर. त्या रस्त्यानं गेलं की आपलं घर, आणि आपण इथं उभे, हे कल्याणला रोज दिसायचं. म्हणून मग तो गॅलरीत जायचाही टाळायला लागला.

एकटेपण कसं असतं ते मस्कतला त्यानं पाहिलं होतं. पण तिथं एका खोलीत आठ जण घोरायचे, एकमेकांच्या चपला घालून जायचे, भांडायचे. इथं स्वतःच्या खोकल्याचाच आवाज. तेही तो दबक्या आवाजात खोकायचा, न जाणो कुणी ऐकलं तर! सकाळी ठकठक व्हायची, तो दार उघडायचा तोवर अबुबकरभाईची पाठ जिन्यात. पांढऱ्या डब्यात भात आणि पिवळं पाणी, त्या पाण्याला वरण म्हणायचं. दिवसात एकदा बायकोचा, शालूचा फोन. ती मोबाईल सासूच्या कानाशी धरायची. कल्याण इकडून "आई, आई" करायचा आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. फोन बंद झाला की तो पलंगावर बसून राहायचा, कुणाशी बोलावं म्हणून आरशाकडं बघायचा आणि लाजून मान फिरवायचा.

अशाच एका दुपारी तो न्हाणीघरात शर्ट धुवत होता. भर दुपार, बाहेर चिटपाखरू नाही. आणि शेजारच्या शेवटच्या खोलीकडल्या भिंतीतल्या झरोक्यातून आवाज आला.

"कोन हाय रे बाबा पल्याड?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. कल्याणच्या हातातला साबण निसटला. पण भीती नाही वाटली, खरं सांगायचं तर आनंदच झाला. त्या माळ्यावर आपल्याशिवाय माणूस आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

"मी कल्याण, मावशी. मंठ्याकडचा. तुमी?"

"मी चांगुणा. आष्टीकडली. सुरतेला लेकाकडं गेल्ते. तिकडून आले तर इथं आनून टाकलं." मग थोडं थांबून, "लेक येनार हाय न्यायला."

त्या दिवसापासून दुपार झाली की कल्याण न्हाणीघरात पालथी बादली घेऊन बसायला लागला. हसाल तुम्ही, पण माणसाला माणूस लागतं. मावशी सगळं विचारायची. मस्कतला ऊन किती, पोरंबाळं किती, पोरगी कितवीला, आईला गोळी कोणती. आणि दर वेळी शेवटी एकच प्रश्न.

"तुला न्यायला कोन येनार हाय?"

"चुलतभाऊ माऊली हाय ना. गाडी घेऊन येनार."

"बरं हाय बाबा तुझं," ती म्हणायची.

एक गोष्ट त्याला खटकायची. डक्टचं काम करणाऱ्याचा कान आवाजाला सरावलेला असतो. सामानसुमान असलेल्या खोलीत आवाज मऊ पडतो. गादी, पडदे, अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पिऊन टाकतात. मावशीचा आवाज तसा नव्हता. तो उघड्या फरशीवरून, उघड्या भिंतींवरून घुमत यायचा. बिचारीला गादीसुद्धा दिली नाही की काय, असं वाटून त्याला राग आला. सकाळी ठकठक होताच तो दाराआडून ओरडला, "अबुबकरभाई, बाजूच्या मावशीला गादी द्या की हो! म्हातारं मानूस फरशीवर निजून राह्यलंय."

बाहेर स्टुलावर टेकलेला डबा परत उचलल्याचा आवाज झाला. मग एकाएकी जिन्यावरून कुणीतरी धाडधाड पळत उतरल्याचा आवाज आला. त्या दिवशी डबा स्टुलावर नव्हता, पार जिन्याच्या तोंडाशी ठेवलेला होता. रागावला असेल, कल्याणला वाटलं.

त्याच दुपारी झरोक्यातून मावशी म्हणाली, "गॅलरीत बघ. भिताडावर ठेवलंय. जेव पोटभर."

मधल्या भिंतीवर स्टीलची वाटी होती. वाटीत येसराची आमटी. भाजलेल्या धान्याच्या पिठाची, घट्ट, लालभडक, आपल्याकडं लग्नाकार्यात करतात ती. वास आला आणि कल्याणच्या तोंडाला पाणी सुटलं. कुठं शिजवली असेल हा विचार मनात आला नाही असं नाही, पण असेल एखादी शेगडी सोबत, म्हाताऱ्या बायका काय काय घेऊन फिरतात. भिंत तापून निखारा झाली होती, हात टेकवत नव्हता. वाटी मात्र गार होती. रांजणाखालच्या वाळूत ठेवल्यासारखी गार.

त्यानं सगळी आमटी बोटानं पुसून खाल्ली. खाताना रडला. मग वाटी धुतली आणि खजुराची पिशवी उघडली. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही झुंबरबाईची लहानपणापासूनची शिकवण. घरात काही नसलं तर ती चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी वाटी तिच्या दारातून कधी गेली नाही. खजूर आईसाठी आणलेले होते. कल्याणनं त्यातलेच मूठभर वाटीत घातले आणि वाटी भिंतीवर ठेवली. हात पुसून वळतो तोवर वाटी नव्हती. पलीकडं बांगडी वाजली नाही, पाऊल वाजलं नाही.

"आईनं चांगलं वळन लावलंय," झरोक्यातून मावशी म्हणाली.

मग रोजच वाटी यायला लागली. कधी पिठलं, कधी आंबील. कल्याण खायचा आणि खजूर ठेवायचा. पिशवी उतरत चालली. आणि संध्याकाळी शालूचा फोन यायचा.

"आज आईंनी घोटभर पानी बी घेतलं न्हाई. चमच्यानं घातलं तर ओघळून येतंय."

"डॉक्टर काय म्हनले?"

"काय म्हननार! जल्दी या म्हनले." शालूचा आवाज फुटायचा. "तुमी एकडाव येऊन त्यांच्याम्होरं उभे ऱ्हावा. त्या तुमच्यासाठीच थांबून राह्यल्यात."

कल्याणच्या जिवाची तगमग व्हायची. आई तिकडं पाण्याला महाग आणि आपण इथं पोटभर जेवून राह्यलो, याची त्याला लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी खाणार नाही असं तो ठरवायचा. पण दुपार झाली, त्या खोलीतलं एकटेपण अंगावर यायला लागलं, की पाय आपोआप गॅलरीकडं वळायचे.

सुटायच्या आदल्या दुपारी मावशीचा आवाज वेगळाच आला. झरोक्याच्या अगदी जवळून, जाळीला तोंड लावल्यासारखा.

"उद्या चाल्लास म्हनं…"

"हो मावशी. आता जीव थाऱ्यावर न्हाई माझा."

"तू गेलास की मी परत एकटी…"

"तुमचा लेक येईल की."

"न्हाई येत रे तो," ती म्हणाली. अगदी साधं म्हणाली. "न्यायला कुनीच आलं न्हाई मला."

आता तुम्ही-मी त्या ठिकाणी काय केलं असतं? आपल्याकडं वाटेवर भेटलेल्या माणसालाही 'घरी चला, चहा घ्या' म्हणायची रीत आहे. तो येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण म्हणायचं असतं. कल्याणही म्हणाला.

"मंग चला की आमच्याकडं. आई हाय घरी, दोघी बसताल बोलत."

"तोंडदेखलं म्हनू नको बाबा…"

"तोंडदेखलं न्हाई मावशी. आईची आन."

कल्याण बादलीवरून उठला. मग अगदी हळू आवाज आला.

"पन इथली खोली रिकामी ठेवता येत न्हाई… कुनीतरी लागतं."

लॉजवाल्यांचा काही नियम असेल, असं त्याला वाटलं. "लागू द्या की. भरतील ते कुनाला बी," तो म्हणाला. "तुमी चला."

"बरं," मावशी म्हणाली. "तू म्हनतोस तर येते."

सकाळी अबुबकरभाईनं पहिल्यांदाच समोर येऊन दार उघडलं. कल्याण बॅग खांद्याला लावून तयार होता. पिशवीत एकही खजूर उरला नव्हता.

"बाजूच्या मावशीला बी सोडा, भाई. त्या माझ्यासंग यायच्यात."

अबुबकरभाईचा चेहरा मास्कआडूनही उतरलेला दिसला. त्यानं कल्याणच्या दंडाला धरलं. इतके दिवस ज्यानं जिना चढून तोंड दाखवलं नव्हतं, त्या माणसानं अंगाला हात लावला. त्यानं त्याला शेवटच्या खोलीपुढं नेलं. दाराला कुलूप होतं. कुलपावर चिकटपट्टी, तिच्यावर धूळ. ती पट्टी कित्येक दिवसांत कुणी काढलेली नव्हती. अबुबकरभाईनं खिडकीची काच बोटानं पुसली.

आत काहीच नव्हतं. पलंग नाही, गादी नाही, पडदा नाही. नुसती फरशी आणि चार भिंती.

"तू आलास त्याच्या आधीची बात है," तो कुजबुजला. "एक बाई होती. चांगुणाबाई. लेकानं खाली सोडलं आणि तो दुसऱ्या ठिकाणी कोंडून घ्यायला गेला. दोन-तीन दिवसांनी दुपारी… डबा तसाच होता स्टुलावर. लेकाला फोन लावला. म्हनला, मला भीती वाटते, तुमीच उरकून घ्या. गाडीवाल्यांनी नेली. तिची गादी, पलंग, सगळं मागं जाळलं." त्यानं काच पुन्हा पुसली. "रोज विचारायची ती. मेरा बेटा आया क्या? मी बाहेरूनच सांगायचो, येईल, येईल… तू गादीचं बोललास ना, तवापासून मी वर यायला घाबरून राह्यलो. कुनाला बोलू नको, भाई."

कल्याणला रोजची वाटी आठवली. ती चव अजून त्याच्या जिभेवर होती. तोंडावरचा मास्क ओढून तो तिथंच थुंकत राहिला. आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"निघालात का?" शालू रडत होती. "आईला घरघर लागलीय. जल्दी या, आता काही खरं न्हाई…"

मग कसली चांगुणाबाई आणि कसली खोली! तो जिन्यावरून उड्या टाकत खाली आला. माऊली गाडी चालू ठेवूनच उभा होता. कल्याण मागं बसला आणि गाडी मंठा रोडला लागली. थोडं पुढं गेल्यावर माऊलीनं वेग कमी केला, एकदा मागच्या चाकाकडं वाकून बघितलं.

"हवा तर बराबर हाय. गाडी लई जड चालून राह्यलीय, दादा. तिघं बसल्यावानी."

"चल तू," कल्याण म्हणाला. त्याला तेव्हा आठवलं, आपण आईची आण घेतली होती. पाठीमागं वळून बघायचा धीर मात्र त्याला झाला नाही. ऊन पाठ भाजत होतं, तरी मानेखालचा एवढासा भाग गार लागत होता.

घरापुढं शेजारीपाजारी लांब लांब उभे होते, तोंडाला पदर नाहीतर गमछा. दारात शालू. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरतुकडा त्याच्यावरून उतरवून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, आणि मगच आत घ्यायचं. वाटेत जे काही मागं लागलं असेल ते बाहेरच राहतं. मस्कतहून प्रत्येक खेपेला आल्यावर त्याच्या आईनंच ते केलं होतं.

"थांबा," शालू म्हणाली. "येवढं उतरवून टाकू द्या."

कल्याण थांबला. खरंच थांबला होता. पण आतून घरघर ऐकू आली, आणि ती मधेच तुटली. त्यानं शालूचा हात बाजूला सारला आणि उंबरा ओलांडून तो आत पळाला. भाकरीचा तुकडा शालूच्या हातातच राहिला.

"आई! आलो मी. कल्या आलोय!"

झुंबरबाईनं डोळे उघडले. त्याला बघितलं. ओळखलं, यात शंका नाही, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ओठ हलले. "कल्या, आ…" आणि मग तिनं त्याच्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एकाएकी असं भय आलं की कल्याणनं तसं भय जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, घट्ट, कुणी ओढून नेत असल्यासारखं. मग पकड सुटली. श्वास थांबला. शालूनं तोंडात पदर कोंबला.

कल्याण आईच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडणार, तेवढ्यात ती छाती वर आली. लांब, खोल श्वास. मग दुसरा. आणि तिचा उजवा हात, उन्हाळाभर लाकडासारखा पडून असलेला उजवा हात उठला आणि त्याच्या गालावर आला. गार होता.

"आले बाबा एकदाची," ती म्हणाली. शब्द स्पष्ट. तिनं सगळ्या घरावरून नजर फिरवली, आढ्यावरून, देवळीवरून, शालूवरून. "किती मानसं हायेत रे तुझ्याकडं."

गावात आनंदीआनंद झाला. पोराच्या पायगुणानं म्हातारी यमाच्या दारातून माघारी आली, असं जो तो म्हणायला लागला. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून चालली. भूक तर अशी लागायची की शालूला भाकरी पुरत नव्हत्या. दुखण्यानं जरा विसरभोळी झाली एवढंच. मिठाचा डबा कुठं आहे, हे तिनं स्वतःच्याच चुलीपाशी बसून शालूला विचारलं. कल्याणला ती आता 'कल्या' म्हणत नव्हती, 'बाबा' म्हणायची. आणि तिला एकटं राहवत नव्हतं. शालू नुसती परसात गेली तरी ती मागोमाग जायची. दाराला कडी लावू द्यायची नाही. दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, आणि कुणी ओ दिली की तिच्या तोंडावर असा आनंद पसरायचा की बघणाऱ्याला भरून यावं.

कल्याणला कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तो कुणाला काय सांगणार? आणि विचारावं तरी कसं? समोर आईचं तोंड होतं, आईचे हात, आईच्या कपाळावरचं गोंदण. ती जेवत होती, बोलत होती, त्याच्या पोरीची वेणी घालत होती. दुखण्यानं माणूस बदलतं, असं तो स्वतःला सांगायचा. दिवसातून कितीदा तरी सांगायचा. तिनं केलेलं कालवण मात्र त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एका दुपारी तो सोप्यात पडला होता. शालू पोरीला घेऊन शेतात गेलेली. आई पार पलीकडं, अंगणाच्या टोकाला असलेल्या बाहेरच्या उंबऱ्यात, पाठ करून बसलेली. फोन वाजला. अबुबकरभाई.

"भाई… एक बात पूछनी थी." त्याचा श्वास लागलेला होता. "ती बाजूची खोली… कुलूप मी स्वतः बघितलं, पट्टी तशीच है. पन आत कोनीतरी बाई हाका मारून राह्यली. रोज, दुपारची. पहलेवाली न्हाई वो. ये दुसरी है."

कल्याण उठून बसला. "काय म्हनते?"

"तुझंच नाव… तूच ऐक. मी फोन दारापाशी धरतो."

खरखर झाली. मग उघड्या फरशीवरून, उघड्या भिंतींवरून घुमत आलेला आवाज.

"कल्या… ए कल्या… जेवलास का रे?"

कल्याणनं फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. आवाज थोडा थांबला आणि पुन्हा आला, थकलेला, पण रागाचा नव्हे.

"कल्या… हितं कुनीच न्हाई रे. न्यायला येतोस का?"

"येतो" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि अंगणाच्या टोकाला उंबऱ्यात बसलेली ती बाई वळली. उन्हात डोळ्यांवर हात धरून तिनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती भीती होती, लहान पोराला घराबाहेर काढलं तर असेल तशी.

"कोनाचा रे फोन, बाबा?"

कल्याणनं तिच्याकडं बघितलं. त्या तोंडाकडं, त्या गोंदणाकडं. ती खोली रिकामी राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आईला आणलं तर तिच्या जागी कुणीतरी लागतं. पोरीची जुनी चप्पल दारातच पडलेली होती.

"राँग नंबर," तो म्हणाला. आणि तो रडायला लागला.

"मंग ठेव खाली," ती म्हणाली. "एकट्या बाईचं लई येळ ऐकू न्हाई, बाबा. मानूस भोळं असतं, 'ये' म्हनून बसतं."

त्यानं फोन ठेवला. स्पीकर चालू नव्हता, आणि अंगण चांगलं लांबरुंद होतं.